दयेची घाई

नाशिकच्या माणसाला पूर मोजायला फूटपट्टी लागत नाही. श्रावणात गोदेला पाणी आले, की गावभर एकच प्रश्न असतो, "मारुतीला कुठवर लागलं?" रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच आमचा दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या पायाला लागले, तर नदीला नुसते पाणी आले; कमरेला लागले, की सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या फळीवर चढवू लागतात; आणि डोक्यावरून गेले, तर तो नातवंडांना सांगण्याजोगा पूर होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती असा दिसेनासा झालेला मी स्वतः पाहिला आहे.

माणसाच्या अंगातही एक नदी वाहते, आणि तिचे पाणी मोजण्यासाठी माणसाने असाच एक मारुती उभा केला आहे. इंग्लंडात स्टीफन हेल्स नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. त्यांनी घोडीच्या धमनीत पितळेची नळी बसवून तिला उंच काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त त्या नळीत आठ फुटांहून वर चढले. हा प्रयोग त्यांनी १७३३ मध्ये प्रसिद्ध केला. माणसाच्या धमनीत नळी खुपसणे शक्य नव्हते. म्हणून पुढे १८९६ मध्ये इटलीतल्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायची हवेची पट्टी आणि पाऱ्याची नळी काढली, आणि १९०५ मध्ये रशियातल्या कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्टीखाली नळीने कान देऊन वरचा व खालचा असे दोन आकडे ऐकण्याची रीत शोधली. आज तर बॅटरीवर चालणारे यंत्र देवघराशेजारच्या फळीवर असते आणि पाहुण्यांना चहाबरोबर आपापला आकडाही विचारला जातो.

पण मारुती पाणी किती चढले एवढेच सांगतो; मग काय करावे, ते सांगत नाही. ते ठरवायचे काम माणसाचे. मला आज जो प्रश्न मांडायचा आहे, तो इथेच सुरू होतो. समोर आपले माणूस संकटात आहे, हाताशी उपाय आहे, आणि मन कळवळून गेले आहे. अशा वेळी हात आवरून धरणे हा धर्म असू शकतो काय? सणाच्या दिवसांत असला प्रश्न काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. माझ्या घरात तो दिवाळीतच शिरला, आणि अजून तो पुरता गेलेला नाही.

ते साल १९९५. माझे वडील, अण्णा, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानात कामाला होते. धनत्रयोदशी म्हणजे त्या धंद्याचा सर्वांत मोठा दिवस. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास दुकानातल्या पोऱ्याने त्यांना हाताला धरून घरी आणून सोडले. डोके ठणकत होते आणि चेहरा तांब्यासारखा लाल झाला होता. शेजारच्या गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी पट्टी बांधली, पारा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला, आणि म्हणाले, "दोनशे तीस वर एकशे तीस." आम्हाला त्यातले काही कळले नाही, पण त्यांचा चेहरा आम्हाला कळला. ते खुर्चीवर बसून राहिले. "जरा पडू द्या त्यांना, बघू या," असे काहीसे म्हणाले. आई रडू लागली. शेजारपाजार दारात जमला. मी पंधरा वर्षांचा होतो, त्याच वर्षी मॅट्रिकला बसणार होतो. मी ओरडलो, "डॉक्टर, नुसते बघताय काय? काही तरी करा ना!"

तेव्हा त्यांनी पेटीतून एक कॅप्सूल काढली, सुईने टोचली आणि तिच्यातले औषध अण्णांच्या जिभेखाली पिळले. वीस मिनिटांत आकडा एकशेतीसवर आला. घरात एकदम उजेड पडल्यासारखे झाले. डॉक्टरांना चहा आणि चिवडा दिला. कोणी तरी म्हणाले, "औषध म्हणावं तर असं!" मलाही मोठा पुरुषार्थ केल्यासारखे वाटले. दिवेलागणीला आईने अण्णांपुढे चहाचा कप धरला. त्यांचा उजवा हात उचलेना. ते काही बोलू गेले, तर शब्दच उमटेना.

अण्णा पुढे चार वर्षे होते. मी मॅट्रिक झालो. त्यापुढे जाणे नव्हते. चित्रकलेची सनद मिळवून शाळेत लागलो आणि रात्री लिहू लागलो. माझ्या एका कादंबरीत मुका झालेला एक कारागीर येतो. तो कोठून आला, हे वाचकांना आज कळेल. पण त्या वर्षांत आणि पुढेही मी ही हकीगत अभिमानानेच सांगत असे. मी ओरडलो म्हणून डॉक्टर हलले, नाही तर अण्णा त्याच दिवशी गेले असते, असे माझे सांगणे असे. ही समजूत सुमारे सत्तावीस वर्षे टिकली.

ती मोडली तीन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका रात्री. आईचे डोके दुखत होते. घरच्या यंत्राने आकडा दाखवला, दोनशे बारा वर एकशे अठरा. मी तिला रिक्षात घालून रुग्णालयात नेले. तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. माझ्या जुन्या विद्यार्थिनींत सहज खपून गेली असती. तिने आधी पट्टी स्वतःच्या हाताने बांधून दोन्ही दंडांवर मोजले. मग प्रश्न सुरू केले. छातीत दुखते का? दम लागतो का? दिसायला अंधुक झाले का? हातपाय जड पडले का? आईला हात वर करायला लावले, हसायला लावले, नाव-गाव विचारले. डोळ्यांत बारीक दिवा धरून आतला पडदा पाहिला, हृदयाचा आलेख काढला, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. एवढे करून ती म्हणाली, "आजींना इथे शांत पडू द्या. अर्ध्या तासाने पुन्हा बघते."

मी म्हणालो, "डॉक्टर, आकडा पाहिलात ना? काही तरी करा ना!"

हे शब्द तोंडातून गेले आणि मीच चपापलो. तेच शब्द, तोच सूर.

ती चिडली नाही. म्हणाली, "काका, आकडा मोठा आहे हे खरं. पण आत काही मोडलेलं मला दिसत नाही. आकड्यावर उपचार करायचा नसतो, माणसावर करायचा असतो. आजींच्या अंगाला हा दाब बऱ्याच दिवसांची सवय असणार. तो एकदम खाली खेचला, तर मेंदूलाच रक्त कमी पडेल." मग आईकडे वळून तिने विचारले, "आजी, गोळ्या चालू आहेत ना?"

आईने माझ्याकडे पाहिले आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळीत म्हणाली, "संपल्यात गं पोरी. आठ दिवस झाले. म्हटलं, याचा पगार झाला की सांगावं."

वाचकहो, त्या क्षणी त्या खोलीत दाब कोणाचा वाढला असेल, हे मी सांगायला नको. मी रोज आईला "जेवलीस का" म्हणून विचारीत होतो. गोळ्यांची डबी मात्र कधी उघडून पाहिली नव्हती. आठ दिवसांचे माझे दुर्लक्ष मला आता आठ मिनिटांत फेडायचे होते, आणि त्यासाठी मी एका परक्या मुलीवर ओरडत होतो. आपली घाई पुष्कळदा अशीच आधीच्या गैरहजेरीची भरपाई असते. ती दयेचा वेष घेऊन येते, म्हणून ओळखू येत नाही.

एवढ्यात दारातून एक ढकलगाडी आत आली. निफाडकडचा एक द्राक्षबागायतदार, पन्नाशीचा. छातीत चिरल्यासारखी कळ येऊन ती पाठीत गेली, असे त्याचा भाऊ सांगत होता. त्याचा आकडा आईच्या आकड्याहून कमीच होता, दोनशेच्या आत. पण तीच मुलगी आता धावत होती. दोन्ही हातांच्या नाडीत फरक आहे हे तिने पाहिले, शिरेत सुई गेली, ठिबक लागले, यंत्र दर काही मिनिटांनी दाब मोजू लागले, वरिष्ठांना फोन गेला. नंतर तिने मला सांगितले, "त्यांची हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून उसवत होती. तिथे दर ठोक्याला नवी चीर जाते. तिथे थांबायचं नसतं. काही मिनिटांतच वरचा आकडा एकशेवीसच्या आसपास आणावा लागतो." त्याला मध्यरात्रीच मुंबईला हलवले. पुढे त्याचे काय झाले, ते मला कळले नाही.

एकाच खोलीत, एकाच हाताने, एका तासात, दोनशेहून अधिक आकडा असलेल्या बाईला थांबवले आणि त्याहून कमी आकड्याच्या माणसासाठी धाव घेतली. आईला तिने तिचीच नेहमीची गोळी दिली, आणि दर अर्ध्या तासाला येऊन मोजले. दोनशेबारा, एकशे शहाण्णव, एकशे ऐंशी. पहाटे चारला आई घोरत होती. तपासण्या स्वच्छ आल्या. सकाळी चिठ्ठी आणि तीन दिवसांनी दाखवायला या असा निरोप घेऊन आम्ही घरी आलो.

पहाटे निघण्याआधी मी धीर करून त्या मुलीला अण्णांची हकीगत सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, "त्यांना काय झालं, हे आज मला सांगता येणार नाही. दाबानेच मेंदूतली शीर फुटली असेल, तर ते व्हायचंच होतं. एकदम उतरवल्यामुळे झालं असेल, हेही शक्य आहे. पण काका, त्या काळी ती कॅप्सूल सगळेच देत होते." मी म्हणालो, "आणि मी ओरडलो नसतो तर?" त्यावर ती काही बोलली नाही. तिने खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

त्या रात्रीनंतर मी या विषयावर मराठीत आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मिळेल ते वाचले. अण्णांच्या त्या दिवाळीच्या पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात काही तज्ज्ञांनी लिहिले होते, की जिभेखालच्या त्या कॅप्सूलवर आता बंदीच घालावी. कारण तिने दाब लगाम तुटल्यासारखा कोसळतो, आणि त्यापायी रोग्यांना अर्धांगवायू आणि हृदयविकाराचे झटके आलेले आहेत. तेव्हा जगभर मोठमोठ्या इस्पितळांत ती सर्रास दिली जात होती. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. ते थांबू पाहत होते. थांबू दिले नाही ते आम्ही.

हे असे का होते, ते मला पाटाच्या पाण्यावरून समजले. पाटाला सदोदित भरपूर पाणी असले, की त्यावरच्या चाऱ्या आणि मोऱ्या त्या पाण्याला बेताने तोंड देण्यासाठी घट्ट केलेल्या असतात. अशा पाटाचे पाणी कोणी एकाएकी निम्म्यावर आणले, तर मुखाजवळची शेते भिजतात. पण शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचतच नाही. वर्षानुवर्षे जास्त दाब सोसलेल्या मेंदूच्या धमन्या अशाच घट्ट झालेल्या असतात. तुम्हाआम्हाला जो आकडा निरोगी, तो त्यांना एकदम दिला, तर मेंदूचे टोकाचे शेत कोरडे पडते. म्हणून आजचा नियम असा आहे, की दाबामुळे मेंदू, हृदय, मूत्रपिंड किंवा डोळे यांना इजा होत असेल, तर शिरेतून औषध देऊन तो ताबडतोब उतरवायला लागावे. पण पहिल्या तासात साधारण पाव हिश्शाहून अधिक उतरवू नये, पुढच्या दोन ते सहा तासांत एकशेसाठ वर शंभरपर्यंत यावे, आणि त्याखालचे काम एक-दोन दिवसांत सावकाश करावे. मेंदूत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला असेल आणि गुठळी विरघळवण्याचे औषध द्यायचे नसेल, तर दोनशेवीस वर एकशेवीसपर्यंतचा दाब सहसा पहिल्या दिवशी तसाच राहू देतात. कारण त्या कोंडलेल्या भागाला तोच आधार असतो. उलट उसवणाऱ्या मोठ्या धमनीला वाट पाहणे म्हणजे मृत्यू. आणि इजेची कोणतीच खूण नसेल, तर नेहमीची गोळी, विश्रांती आणि लक्ष. आकडा एक, आणि वागण्याच्या रीती चार.

हे शहाणपण फुकट आलेले नाही. एक काळ असा होता, की वैद्यांच्या हाती काहीच नव्हते. १९३१ मध्ये लिव्हरपूलच्या प्राध्यापक जॉन हे यांनी असे मत मांडले होते, की रक्तदाब वाढलेल्या माणसाला सर्वांत मोठा धोका तो कोणाच्या तरी ध्यानात येण्याचा आहे. कारण मग कोणी तरी शहाणा तो उतरवायला धावणार! ते शब्द आज आपल्याला क्रूर वाटतात. आणि ते चूकही होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये एकशेशहाऐंशी वर एकशेआठ असल्याची नोंद आहे. त्यांना धड औषधच नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी ते वॉर्म स्प्रिंग्ज इथे चित्रकर्त्रीसमोर बसले होते. जलरंगात त्यांचे चित्र चालले होते. डोके भयंकर दुखते असे म्हणून ते कोसळले. दाब तीनशेवर गेला होता, आणि त्याच दुपारी ते गेले. चित्र अर्धवट राहिले. ते आजही तसेच जपून ठेवले आहे. चित्रकलेचा मास्तर म्हणून मी त्या चित्राची प्रत पुष्कळदा पाहिली आहे. चेहरा पुरा झाला आहे. खालचा कोट रंगवायचा राहिला आहे. नुसते हात बांधून बसणे म्हणजे संयम नव्हे, हे त्या कोऱ्या कागदावरून समजते.

चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्याकडच्या सर्पगंधेचा उपयोग पन्नास रोग्यांवर पाहून ब्रिटनमधल्या हृदयविकाराच्या नियतकालिकात लिहिले, आणि या मुळीकडे जगाचे लक्ष गेले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेची एक गंमत आहे. ती सावकाश काम करते, दिवसांनी, आठवड्यांनी. पुढे झटपट काम करणारी औषधे निघाली आणि माणसाच्या घाईला हत्यार मिळाले. दुबळ्या माणसाची घाई निरुपद्रवी असते; उपाय हाती आलेल्या माणसाची घाई जीव घेऊ शकते. म्हणून संयमाचा प्रश्न खरा सुरू होतो तो सामर्थ्य आल्यावर.

मला या बाबतीत आदर्श वाटतो तो महाडचा. सध्याच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे एका शेतकऱ्याचे चिरंजीव, डॉ. हिंमतराव बावस्कर, नागपूरला शिकून १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे, लहान मुले, एका दिवसात मरत असत. बहुतेक जण आधी मांत्रिकाकडे जात. गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत, आणि ते का दगावतात हे पुस्तकात धड लिहिलेले नव्हते. बावस्कर रोग्याच्या खाटेशी बसले. नाडी, दाब, घाम, हातापायांचा गारठा, श्वास, सारे लिहीत गेले. विंचवाच्या विषाने अंगात एक वादळ उठते, धमन्या आक्रसतात, दाब भयंकर चढतो, आणि त्या ओझ्याने हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी ओळखले. मग दाबावरच्याच प्राझोसिन नावाच्या साध्या, स्वस्त गोळीने त्या आक्रसलेल्या धमन्या सैल करता येतात, हे त्यांनी दाखवले. ते काम १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांची त्यात साथ होती. मृत्यूचे प्रमाण शंभरात एखाद-दुसऱ्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला त्यात सर्वांत आवडते ती गोळी देण्याची रीत. एक मात्रा द्यायची; रोग्याला आडवेच ठेवायचे, कारण उठवले तर दाब कोसळेल; पुन्हा पुन्हा मोजत राहायचे; तीन तासांनी पुढची मात्रा; आणि हे कुठवर? तर हातपाय गरम होईपर्यंत. थंडगार पडलेल्या पावलात ऊब परत आली, म्हणजे वादळ ओसरले. म्हणजे शेवटचा कौल यंत्राच्या आकड्याचा नाही. माणसाच्या पायाला लावलेल्या हाताचा आहे.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुमचे हे तत्त्वज्ञान धोक्याचे आहे. आपल्या देशात माणसे डॉक्टरांच्या घाईने मरतात, की कोणालाच घाई नसल्याने? दाराशी तासन्‌तास ताटकळत ठेवणाऱ्याच्या हाती तुम्ही 'थांबणे हाही धर्म' हे वाक्य ठेवता? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्याजवळ त्याला एकच उत्तर आहे. थांबणे वेगळे आणि टाकणे वेगळे. दोन्हींत हात हलत नाही, म्हणून लांबून ती सारखी दिसतात. पण थांबणारा पहाऱ्यावर असतो. तो दर अर्ध्या तासाला परत येतो, मोजतो, विचारतो, आणि चिन्ह बदलले तर धावायला एका पायावर तयार असतो. टाकणारा निघून गेलेला असतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म आणि अकर्म यांचा जो विचार आहे, तो मला लहानपणी शब्दांचा खेळ वाटे. त्या रात्री एका मुलीने काही न करता किती केले, हे पाहिल्यावर तो खेळ राहिला नाही.

म्हणून मी माझ्यापुरते एक सूत्र बांधले आहे. दारापर्यंत घाई, खाटेपाशी सबुरी. छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हातपाय जड पडणे, बोबडी वळणे, दिसेनासे होणे, झटके येणे, किंवा गरोदर बाईचा दाब चढून डोके दुखणे, यांतले काही दिसले तर एक क्षण घालवू नये. १०८ ला फोन करावा, मिळेल त्या वाहनाने न्यावे. शेजाऱ्याची गोळी जिभेखाली ठेवू नये. आणि पोचल्यावर खाटेपाशी बसणाऱ्याच्या मानेवर स्वार होऊ नये. "आता कशाकडे लक्ष ठेवायचं आहे?" एवढे विचारावे. "काही तरी करा" हे वाक्य रोग्यासाठी नसते. आपल्याला आपली भीती सोसवत नाही, म्हणून आपण ते दुसऱ्याच्या हातात देतो.

वर्गातही मला हे उशिराच कळले. मुलाचे चित्र बिघडू लागले, की मी त्याच्या हातातला कुंचला घेऊन दोन फटकाऱ्यांत ते सुधारून देत असे. चित्र चांगले होई. मूल पुढच्या वेळी कोरा कागद माझ्यापुढे धरी. आता मी त्याच्या शेजारी बसतो. रंग ओघळतो, माझा हात शिवशिवतो. पण मी तो मांडीखाली दाबून धरतो. कधी कधी मात्र मुलाचे डोळे भरून येतात आणि ते कागद फाडू पाहते. तेव्हा मी कुंचला घेतो. केव्हा घ्यायचा आणि केव्हा नाही, याचे पुस्तक नाही. मुलाकडे पाहत राहावे लागते.

दर रविवारी मी आता आईच्या गोळ्यांची डबी भरतो. तिला सात खण आहेत. आई म्हणते, "तू रोज येऊन डबी उघडतोस ना, त्यानेच माझा दाब वाढतो."

अण्णांबद्दलचे ते कोडे मात्र सुटलेले नाही, आणि सुटणारही नाही. गेल्या धनत्रयोदशीला आई अण्णांच्या दुकानातून आणलेल्या पितळी निरांजनात तेल घालीत होती. इतकी वर्षे मनात ठेवलेले मी तिला सांगून टाकले, की त्या दिवशी डॉक्टर थांबले होते, ओरडलो तो मी. तिने वात पुढे सरकवली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू ओरडला नसतास, तर मी ओरडले असते."

आणि तिने दिवा लावला.